शैली नसलेल्या संस्थेचा प्रभाव कुठे शोधावा? (स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल)

वास्तुविद्यार्थिनी:
सर्वांना नमस्कार. मी वास्तुकलेच्या अंतिम वर्षाला आहे. प्रबंधासाठी एका वास्तुविशारदाऐवजी एका संस्थेचा अभ्यास करावा, असे ठरवून मी स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल (एसओएम) ही अमेरिकी वास्तुसंस्था निवडली. लुई स्किडमोर आणि त्यांचे मेहुणे नथॅनियल ओविंग्ज यांनी १९३६ साली शिकागोत ती सुरू केली आणि १९३९ मध्ये अभियंते जॉन मेरिल तिसरे भागीदार झाले. आता माझी पंचाईत झाली आहे ती अशी : न्यूयॉर्कचे लीव्हर हाऊस (१९५२), अमेरिकी हवाईदल अकादमीचे सतरा सुळक्यांचे प्रार्थनामंदिर (१९६२), जेद्दाचे तंबूंच्या छताचे हज टर्मिनल (१९८१), बुर्ज खलिफा (२०१०) आणि मुंबई विमानतळाचे दुसरे टर्मिनल (२०१४) यांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर ही सारी एकाच घरची लेकरे आहेत असे कुणीही म्हणणार नाही. माझे मार्गदर्शक म्हणतात की, ज्याची नक्कल होते त्याचाच प्रभाव पडतो आणि नक्कल व्हायला आधी शैली असावी लागते. मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कागदाची_नळी:
आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे दर्शनी भागापुरते खरे आहे. मी संरचना अभियंता असल्यामुळे मला या संस्थेचा ठसा इमारतीच्या हाडांत दिसतो, आणि तिथे तिची नक्कल इतकी सर्रास झाली आहे की आता ती नक्कल म्हणून कुणाच्या ध्यानातही येत नाही.

एक कोरा कागद उभा धरा. फुंकर मारताच तो वाकतो. तोच कागद गुंडाळून त्याची नळी करा. आता तो ताठ उभा राहतो. कागद वाढला नाही, फक्त मध्यापासून दूर गेला. इमारत जसजशी उंच होते, तसतसा वजनापेक्षा वाऱ्याचा प्रश्न मोठा होतो, आणि वाऱ्याला तोंड देण्यासाठी लागणारे पोलाद मजल्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी वेगाने वाढू लागते. ढाक्यात जन्मलेले आणि १९५५ मध्ये एसओएमच्या शिकागो कार्यालयात दाखल झालेले फझलूर रहमान खान यांनी हे पोलाद इमारतभर पसरवण्याऐवजी बाहेरच्या भिंतींकडे नेले आणि अख्ख्या इमारतीचीच नळी केली. शिकागोच्या शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरमध्ये (१९६९) त्यांनी बाहेरच्या चारही अंगांवर प्रचंड फुल्या मारून त्या भिंती एकमेकींशी बांधून टाकल्या. त्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे : एम्पायर स्टेट इमारतीला मजल्याच्या दर चौरस मीटरमागे सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते, तर हॅनकॉकला सुमारे १४५ किलो पुरले.

पुढची अडचण अशी की, नळी फार रुंद झाली तर भार कोपऱ्यांतल्या खांबांवर एकवटतो आणि भिंतीच्या मधले खांब अंग चोरतात. यावर उपाय म्हणून शिकागोतच १९७४ साली पूर्ण झालेल्या सीअर्स टॉवरमध्ये सुमारे २३ मीटर बाजूच्या नऊ चौरस नळ्या एकमेकींना चिकटवल्या गेल्या. आतल्या सामाईक भिंतींमुळे मधल्या खांबांनाही कामाला लागावे लागले. शिवाय दोन नळ्या पन्नासाव्या मजल्यावर, दोन सहासष्टाव्या आणि तीन नव्वदाव्या मजल्यावर थांबवता आल्या. ४४२ मीटर उंचीची ही इमारत १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच होती. आपण त्या इमारतीची जी पायऱ्यापायऱ्यांची आकृती पाहता, ती कुणाच्या लहरीतून आलेली नाही. नळ्या जिथे संपल्या, तिथे पायरी आली.

एक गोष्ट मला विशेष भावते. उंच इमारत पडत नाही एवढ्याने भागत नाही, तिच्यात निजलेल्या माणसाला डोलल्यासारखे वाटता कामा नये. हॅनकॉकच्या वेळी खान यांनी शिकागोच्या एका संग्रहालयात कपडे धुण्याच्या यंत्राच्या प्रदर्शनासाठी उभारलेला फिरता चबुतरा वापरला आणि त्यावर माणसांना उभे करून, बसवून आणि आडवे निजवून किती हालचाल जाणवते हे तपासले.

हे सारे शक्य झाले, कारण खान आणि वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम एकाच कार्यालयात, कल्पना कागदावर उतरण्याआधीपासून एकत्र बसत. माझ्या पहिल्या नोकरीत नकाशा आमच्या टेबलावर येई तेव्हा सगळे ठरून गेलेले असे आणि ते उभे कसे राहील एवढेच आम्हाला विचारले जाई. बुर्ज खलिफाचा आराखडा वाचताना हा फरक लख्ख जाणवतो. षट्कोनी गाभ्याला तीन पंख तीन बाजूंनी टेकू देतात आणि ते एका ठरावीक क्रमाने, वेगवेगळ्या उंचीवर मागे सरत जातात, त्यामुळे वाऱ्याच्या भोवऱ्यांना कुठेही एक ताल धरता येत नाही. ८२८ मीटरच्या त्या इमारतीत अभियंते बिल बेकर यांचे काम कुठे संपते आणि वास्तुविशारद एड्रियन स्मिथ यांचे कुठे सुरू होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

गल्ली_ते_चौक:
वरील विवेचन उत्तम आहे, पण त्यात नगररचना सुटली आहे. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी टेनेसी राज्यात ओक रिज हे गुप्त शहर वसवायचे होते, तेव्हा ते काम या संस्थेकडे आले. शहर नेमके कुठे होणार हे सुरुवातीला आराखडा करणाऱ्यांनाही सांगितलेले नव्हते. सुमारे तेरा हजार वस्तीचा अंदाज धरून सुरू झालेले हे शहर १९४५ पर्यंत पंचाहत्तर हजारांवर गेले. रस्ते डोंगराच्या उताराला धरून काढले गेले आणि घरांना ए, बी, सी अशी अक्षरे देऊन ती साच्यातून काढल्यासारखी झपाट्याने उभी राहिली. त्याच शहरात कृष्णवर्णीय कामगारांना वेगळे काढून फळ्यांच्या एकखोली झोपड्यांत ठेवले गेले, हे मात्र आपल्या प्रबंधात आलेच पाहिजे. आराखडा सुबक आहे म्हणून तो कुणाच्या हुकमाने आणि कुणासाठी झाला, हा प्रश्न मागे पडू नये.

लंडनचे कॅनरी व्हार्फही पाहा. बंद पडलेल्या गोदीवर १९८०च्या दशकात या संस्थेने रस्ते, चौक आणि इमारतींचे आकारमान ठरवून दिले, आणि सर्वांत उंच मनोरा सेझर पेली या दुसऱ्याच वास्तुविशारदाने केला. आपल्या मार्गदर्शकांना दाखवण्यासारखे उदाहरण हेच आहे, कारण इथे संस्थेचा हात इमारतींमधल्या मोकळ्या जागेत दिसतो. मात्र विकासक कंपनी १९९२ मध्ये बुडाली आणि ज्युबिली मार्गाची भुयारी रेल्वे तिथे पोहोचायला १९९९ उजाडले. वाहतूक मागून येईल या भरवशावर चौक आखणे ही घोडचूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी_रेखाटने:
एक कळकळीची विनंती. संस्थेचा अभ्यास करताना माणसे पुसली जाऊ देऊ नका. लीव्हर हाऊसचे श्रेय संस्थेचे वास्तुविशारद गॉर्डन बनशाफ्ट यांना मिळते आणि त्यांना वास्तुकलेचा १९८८ चा प्रिट्झकर पुरस्कारही मिळाला. पण त्या इमारतीवर संस्थेतल्याच वास्तुविशारद नॅटली डी ब्लॉइ यांनीही काम केले होते. १९४४ ते १९७४ अशी तीस वर्षे त्या संस्थेत होत्या आणि तरीही पूर्ण भागीदार झाल्या नाहीत. पुरुषांच्या नावावर गेलेल्या किती उत्तम रचना प्रत्यक्षात त्यांच्या होत्या हे त्या आणि देवच जाणे, अशा अर्थाची कबुली खुद्द ओविंग्ज यांनी आत्मचरित्रात दिली आहे. न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरची युनियन कार्बाइडची बावन्न मजली इमारतही त्यांच्या हातची होती. ती आता पाडली गेली आहे. म्हणजे तिच्यातल्या त्यांच्या कामाची साक्ष द्यायला इमारत उरलेली नाही, आता रेखाटनांकडेच वळावे लागते.

वास्तुविद्यार्थिनी:
आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. हॅनकॉक हे मुख्य उदाहरण घ्यावे असे आता वाटते. सुरुवात कुठून करू?

कागदाची_नळी:
वरच्या मजल्यांवरच्या एखाद्या सदनिकेचा नकाशा मिळवा. त्यात खिडकीच्या आडून एक तिरका पोलादी खांब गेलेला दिसेल, आणि तिथे बसणाऱ्याला समोरच्या मिशिगन सरोवराचे दृश्य त्या खांबाला चुकवूनच पाहावे लागते. पोलाद वाचावे म्हणून खिडकी अडवणे हा निर्णय वास्तुविशारदाने मान्य कसा केला, हा प्रश्न त्या नकाशाच्या समासात लिहून ठेवा आणि तिथून पहिले प्रकरण सुरू करा.