पाने आणि सॉकेट सेट: महागडा ब्रँड घ्यावा का?

प्रश्न: बाइकचं काम घरीच करायला लागलोय. स्वस्तातला सेट होता, परवा १२ मिमीचा बोल्ट सोडवताना सॉकेट (बोल्टवर टोपीसारखा बसणारा पाना) सरकला आणि बोल्टचे कोपरेच गोल झाले, बोटांची सालटं निघाली ती वेगळीच. आता नीट काहीतरी घ्यायचंय. स्नॅप-ऑन या महागड्या हत्यारांच्या ब्रँडचं नाव सगळे घेतात, पण एवढे पैसे वसूल होतात का?

उत्तर १: दिवसभर गॅरेजमध्ये राबणाऱ्याचे होतात, घरच्या कामाला नाही. स्नॅप-ऑनची हत्यारांची गाडी गॅरेजच्या दारात येते, तुटलेला पाना बदलून देतात, त्या सोयीचेही पैसे आपणच भरतो ना. तुमचा सॉकेट १२ कोनी (आतून १२ कोपऱ्यांचा) होता का? ६ कोनी घ्या, तो बोल्टच्या टोकावर न घासता सपाट बाजूला धरतो.

उत्तर २: +१. रॅचेटवर (सॉकेट फिरवायचा, एकाच दिशेने पकडणारा दांडा) मात्र कंजूषी नको. ७२ दात असले की ५ अंशात पुढचा दात पकडतो, ३६ दातांना १० अंश लागतात, इंजिनच्या सांदीत जिथे हात जेमतेम जातो तिथे हा फरक लगेच कळतो. आणि पक्कड घेणार असाल तर क्निपेक्सची कोब्रा बघाच, पाइपला एकदा चावली की सुटत नाही!

उत्तर ३: इम्पॅक्ट गनला (झटके देत बोल्ट फिरवणारं मशीन) चकचकीत क्रोमवाले सॉकेट कधीच लावू नका, ब्रँड कितीही भारी असो. झटक्याने फुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. त्यासाठी काळे इम्पॅक्ट सॉकेट वेगळे मिळतात.

प्रश्नकर्ता: हो, १२ कोनीच होता! मग सेट मधल्या दर्जाचा ६ कोनी आणि रॅचेट भारीतलं, ठरलं. धन्यवाद मंडळी.