मदत हवी आहे: उचल (मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे) फिटली नाही म्हणून मुकादमानं भावाला ठेवून घेतलंय. घटनेचं कलम २३ इथं लागतं का?

आम्ही धारूर तालुक्यातले, जि. बीड. चुलतभाऊ आणि वहिनी दसऱ्यानंतर ऊसतोडीला बेळगावकडं गेले. एका कोयत्याची (म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची) एक लाख उचल, बाँडवर दोघांचे अंगठे. पौषात मोळी घेऊन ट्रकवर चढताना वहिनी फळीवरून पडली, पाय मोडला. तिथून पुढं भाऊ एकटाच राबला.

पट्टा पडला (हंगाम संपला), टोळी गावी आली, भाऊ आलाच नाही. मुकादम म्हणतो, चाळीस हजार अंगावर आहेत, फिटेपर्यंत इथंच गुऱ्हाळावर राबेल. भावाचा फोन काढून घेतलाय. मुकादमाच्याच फोनवरून बोलतो. "बरं हाय" एवढंच म्हणतो, आणि शेजारी कोण उभं आहे ते आवाजावरून कळतं. पोलिसांनी "देण्याघेण्याचा मामला आहे, दिवाणी कोर्टात जा" म्हणून परत लावलं.

वाचनालयातून राज्यघटना आणून वाचली. कलम २३ मध्ये वेठबिगारीला मनाई आहे. पण मूलभूत हक्क सरकारविरुद्धच मागता येतात असं शाळेत शिकवलं होतं. मुकादम तर खाजगी माणूस. मग? आणि माणूस कर्नाटकात अडकलाय, तर अर्ज आमच्या कलेक्टरकडं द्यायचा की तिकडच्या?

आजोबा निजामाच्या काळातल्या वेठीच्या गोष्टी सांगायचे. १७ सप्टेंबर १९४८ ला ते संपलं असं आम्ही धरून चाललो होतो. कुणी वकील असेल तर कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद
दादा, कलम २३ खाजगी माणसावरही लागतं. कलम १७ (अस्पृश्यताबंदी) आणि २४ (बालमजुरीबंदी) सुद्धा तसेच. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या निकालात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट म्हटलंय. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं हीसुद्धा वेठच, असंही त्यात आहे. शिवाय १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. वेठीचं कर्ज ठरलं की ते फेडण्याची जबाबदारीच संपते. त्यामुळं चाळीस हजारांची जुळवाजुळव करत बसू नका.

अर्ज दोन्ही कलेक्टरांना द्या. सुटका करणं तिकडच्या प्रशासनाच्या हातात आहे. माणूस कोंडून ठेवणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि हद्द कुठलीही असो, पोलिसांना तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. नाही घेतली तर एसपींना लेखी पाठवा. बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वहिनींना वकील फुकट मिळेल, फोन १५१००. त्यानंतरही हललं नाही तर हायकोर्टात कलम २२६ खाली हेबियस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढं हजर करा असा अर्ज.

धागाकर्ता
लई आधार वाटला सर. उद्या पहिल्या एसटीनं वहिनीला घेऊन बीडला निघतो. बाँडची झेरॉक्स मुकादमानं दिलेलीच नाही, त्यावाचून अर्ज घेतील ना?

प्रतिसाद
घेतील. बाँड मुकादमाकडंच आहे हे अर्जात लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.