अनुभव धागा: फोन, टॅब आणि संगणकावर मराठी बायबलचा अभ्यास

मोबाइलवर किंवा संगणकावर बायबलचा नियमित अभ्यास करणाऱ्या वाचकांना या धाग्यासाठी एकच विनंती केली होती: अमुक ॲप उत्तम आणि तमुक टाकाऊ असा निकाल न देता, नेमके काय अडले आणि ते कशाने सुटले एवढे लिहावे. आलेली टिपणे वाचताना जाणवले की ॲपच्या निवडीवर फारसे कोणी अडलेले नाही. अडचणी येतात त्या मराठी मजकूर साठवण्याच्या पद्धतीत, वचनांच्या क्रमांकांत आणि स्वतःच्या टिपा कोठे राहतात या प्रश्नात. काही टिपणे लांबली आहेत, पण त्यांतील तपशील उपयोगाचा असल्याने कात्री लावलेली नाही.

पुणे, सॉफ्टवेअर अभियंता

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) अभ्यासगटात सर्वाधिक येणारी तक्रार म्हणजे शोध चालत नाही. वचन समोर उघडे असते, त्यात ‘दुसऱ्या’ हा शब्द स्पष्ट दिसत असतो, आणि तोच शब्द शोधपट्टीत टाकला की एकही निकाल मिळत नाही. याचे कारण असे, की ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते. एका प्रकारात खाली टिंब असलेला ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण, त्यानंतर हलन्त आणि ‘य’ असतो. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग ‘य’ असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु वर्णावर्णाने तुलना करणाऱ्या शोधाला ते दोन निराळे शब्द वाटतात. मजकूर एका पद्धतीने टंकलेला असेल आणि तुमच्या फोनचा कीबोर्ड दुसरी पद्धत वापरत असेल, तर कितीही प्रयत्न केले तरी शब्द सापडणार नाही.

याच्या जोडीला जुने शुद्धलेखन आहे. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, पण त्याआधीच्या वळणाच्या आवृत्त्यांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘देवानें’ अशीच रूपे आहेत, आणि आजच्या सवयीने ‘काही’ असे शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परततो. इकारान्त शब्दांचेही तेच: जुन्या मजकुरात ‘प्रीति’ आणि नव्यात ‘प्रीती’.

आम्ही गटाला शिकवतो ते उपाय साधे आहेत. शब्द स्वतः न टंकता वचनातूनच उचलून शोधपट्टीत चिकटवावा. ‘पूर्ण शब्द जुळवा’ हा पर्याय बंद ठेवून शब्दाचा निर्विवाद भागच शोधावा, म्हणजे ‘दुसऱ्या’ऐवजी ‘दुस’ किंवा ‘देवाने’ऐवजी ‘देवा’; निकाल जास्त येतात, पण हवे ते निसटत नाही. आणि ज्यांना मूळ हिब्रू-ग्रीक शब्दांकडे जायचे आहे त्यांनी मराठीत शोधण्याचा हट्ट सोडावा. प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक देणाऱ्या, स्ट्राँग यांच्या १८९० च्या शब्दसूचीचे क्रमांक जोडलेली मराठी आवृत्ती माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे इंग्रजी आवृत्तीत क्रमांकाने शोध घेऊन शेजारच्या चौकटीत मराठी उघडी ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचे स्टेप बायबल हे विनामूल्य साधन यासाठी मला सर्वांत सोयीचे वाटते.

मुंबई, दृष्टिहीन वाचक

वरील टिपणाला माझी पुस्ती. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी साधने म्हणून मी संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक वापरतो. युनिकोड या आजच्या प्रमाण अक्षरसंकेतातील मराठी बायबल ही दोन्ही साधने व्यवस्थित वाचून दाखवतात, परंतु जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेली भाष्ये आणि पाठपुस्तिका उघडल्या की कानावर इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची सरमिसळ पडते, कारण संगणकाच्या लेखी ती खरोखर इंग्रजी अक्षरेच असतात आणि फाँट त्यांना केवळ मराठी रूप देतो. परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. त्यानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार कोणाकडून तरी तपासून घ्यावेत, कारण परिवर्तनात बहुधा तेच जागा सोडतात. मंडळीच्या वतीने नवे साहित्य प्रसिद्ध करणाऱ्यांनी निदान आता तरी जुने फाँट सोडावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

श्रीरामपूर परिसर, पाळक

माझ्याकडे संगणक नाही. संदेशाची सर्व तयारी फोनवरच होते आणि ज्या वस्त्यांवर उपासना असते तेथे नेटवर्कचा भरवसा नसतो. त्यामुळे घरून निघण्यापूर्वी विमान मोड लावून पाहतो आणि त्या अवस्थेत जे उघडेल तेच आपल्याजवळ आहे असे धरतो. यूव्हर्जन या बायबल ॲपमध्ये काही आवृत्त्या फोनवर उतरवून घेता येतात, काही हक्कांच्या अटींमुळे फक्त जाळ्यावरच वाचता येतात. हे आवृत्तीगणिक बदलत असल्याने आधी तपासलेले बरे.

आमच्या मंडळीतील एका शिक्षिकेच्या टिपा फोन बदलताना गेल्या. ॲपमध्ये खाते उघडलेले नव्हते, टिपा फोनच्या साठवणीत होत्या, आणि ॲप काढून टाकताच तेही फोल्डर पुसले गेले. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून ॲपांच्या खासगी फोल्डरांत बाहेरून शिरण्यावर मोठे निर्बंध आले, म्हणून फाइल मॅनेजरने टिपा उचलून घेऊ हा जुना उपाय आता गृहीत धरता येत नाही. ॲपमधूनच बॅकअप काढावा आणि ती फाइल स्वतःला ईमेलने पाठवून ठेवावी. संडे स्कूलच्या सर्व शिक्षकांकडून आम्ही हे करून घेतले आहे.

दुबई, लेखा विभागातील कर्मचारी

माझा अभ्यास घरच्या विंडोज संगणकावर ई-स्वोर्ड या बायबल-अभ्यासाच्या कार्यक्रमात, प्रवासात आयपॅडवर आणि दुपारच्या सुट्टीत अँड्रॉइड फोनवर होतो. तिन्ही ठिकाणी टिपा एक राहाव्यात म्हणून अनेक जण टिपांची फाइल क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवतात. ही युक्ती चालते, पण एका अटीवर. अशा कार्यक्रमांच्या टिपा बहुधा एसक्यूएलाइट प्रकारच्या एकाच डेटाबेस फाइलमध्ये असतात. दोन यंत्रांवर ती एकाच वेळी उघडी राहिली तर क्लाउड सेवा तिच्या दोन प्रती करते, आणि कोणत्या प्रतीत काय आहे हे नंतर हाताने जुळवत बसावे लागते. एका यंत्रावरील कार्यक्रम पूर्ण बंद करून, फाइल चढल्याची खूण दिसल्यावरच दुसरे यंत्र उघडावे. माझ्या पाहण्यातील जवळजवळ सर्व गोंधळ या घाईतून झालेले आहेत.

आता मी लांब टिपा बायबलच्या कार्यक्रमात लिहीतच नाही. त्या साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवतो, प्रत्येक पुस्तकाची एक फाइल, आणि ॲपमध्ये केवळ अधोरेखन करतो. २०१७ मध्ये आयओएस ११ आले तेव्हा ३२-बिट ॲपे चालेनाशी झाली आणि पुष्कळांच्या टिपा त्यांच्यासोबत अडकल्या. साध्या मजकुराला ती भीती नाही.

केडगाव, निवृत्त मुख्याध्यापिका

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या संस्थेशी आमच्या कुटुंबाचा जुना संबंध आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील नवा करार मी भाच्याच्या मदतीने ‘द वर्ड’ या विंडोजवरील कार्यक्रमासाठी टंकते आहे. पानांची छायाचित्रे टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीतून मराठीत वाचून घेता येतात, मात्र जुन्या छपाईत ती ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची सर्रास अदलाबदल करते, म्हणून प्रत्येक ओळ वाचावीच लागते.

या कार्यक्रमाची फाइल विलक्षण साधी असते: एक वचन म्हणजे एक ओळ, नव्या करारासाठी बरोबर ७,९५७ ओळी आणि संपूर्ण बायबलसाठी ३१,१०२. ओळीला क्रमांक नसतो, तिची जागा हाच तिचा क्रमांक. त्यामुळे मत्तय या पहिल्या पुस्तकात एक वचन चुकून दोन ओळींत तुटले, तर तेथून प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंत प्रत्येक वचन एका घराने सरकते. तसे दिसले की मी प्रत्येक पुस्तकाचे पहिले वचन तपासत जाते. ज्या पुस्तकाची सुरुवात सर्वांत आधी घसरलेली दिसेल त्याच्या आधीच्या पुस्तकात दोष असतो. मत्तय १७:२१ (अध्याय १७, वचन २१) सारखी काही वचने कित्येक आधुनिक आवृत्त्यांत तळटिपेत गेली आहेत. तशी आवृत्ती घालायची असेल तर त्या जागी रिकामी ओळ सोडावी लागते. योहानाच्या तिसऱ्या पत्रात काही आवृत्त्या चौदा वचने मोजतात आणि काही पंधरा. तेथे शेवटची दोन एकत्र करावीत.

वसई, प्राध्यापक

आम्हा कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात, तर बहुतेक ॲपांतील मराठी आवृत्त्या ६६ पुस्तकांच्या असतात. जादा पुस्तकांपैकी तोबित किंवा मक्काबी यांचा संदर्भ दाबला की कोरे पान येते. दानीएल १३ चेही तसेच होते, कारण प्रॉटेस्टंट आवृत्तीत त्या पुस्तकाचे अध्याय बाराच आहेत. हा बिघाड नाही, त्यामुळे ॲप पुन्हा बसवून काही साधत नाही. क्रॉसवायर या संस्थेच्या स्वोर्ड पद्धतीच्या ग्रंथफाइलींत क्रमांकपद्धती स्वतंत्रपणे नोंदवलेली असते आणि काही न सांगितल्यास किंग जेम्स या जुन्या इंग्रजी बायबलची धरली जाते. अशा फाइली वाचणाऱ्या अँडबायबल या ॲपमध्ये मी ७३ पुस्तकांची इंग्रजी आवृत्ती मराठीशेजारी उघडतो आणि जेथे मराठी संपते तेथे इंग्रजीवर भागवतो.

अमेरिकेतील बहीण न्यू अमेरिकन बायबल वाचते. तिने पाठवलेला मलाखी ३:२३ माझ्या फोनवर उघडत नाही, कारण माझ्या आवृत्तीत तो अध्याय १८ व्या वचनाला संपतो आणि तिचे वचन ४:५ येथे आहे.

ठाणे, बेने इस्राएल कुटुंबातील वाचक

प्राध्यापकांच्या भगिनींचे क्रमांक आम्हा ज्यूंच्याच हिब्रू परंपरेचे आहेत. मी सेफारिया या संकेतस्थळावर तनाख (हिब्रू बायबल) वाचतो आणि शेजारच्या ख्रिस्ती स्नेह्यांशी स्तोत्रांवर चर्चा करतो, तेव्हा हा फरक रोज भेटतो. हिब्रूत स्तोत्राचे शीर्षकही वचन म्हणून मोजले जाते, म्हणून पुष्कळ स्तोत्रांत आमचा क्रमांक एकने पुढे असतो, आणि ५१, ५२, ५४ व ६० या स्तोत्रांत दोनने. योएलचे अध्याय आमच्याकडे चार, त्यांच्याकडे तीन. मलाखीचे नेमके उलट. चर्चेच्या गटात आम्ही आता दोन्ही क्रमांक लिहितो, उदाहरणार्थ योएल २:२८, हिब्रू ३:१, आणि त्यापुढे वचनाचे पहिले तीन-चार शब्द. क्रमांक जुळला नाही तरी शब्द शोधून वचन गाठता येते, अर्थात पुण्याच्या अभियंत्यांनी सांगितलेला ‘ऱ्य’ त्यात नसेल तर.