यूथ एक्स्चेंजसाठी मुलीने अर्ज करावा का? खर्चाबद्दल आणि आमच्या लहान घराबद्दल शंका

मुलुंडची आई (प्रश्न)

नमस्कार. माझे पती दोन वर्षांपासून मुंबईतल्या एका रोटरी क्लबाचे सदस्य आहेत आणि त्यांच्यामुळे मीही क्लबाच्या कामात ओढली गेले. गेल्या वर्षी डायलिसिसच्या रुग्णांसाठी निधी उभा करायचा होता, तेव्हा मी आमच्या सोसायटीत दारोदार जाऊन पावत्या फाडल्या. आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने पेन्शनच्या पैशांतून पाचशे रुपये काढून दिले, आणि ते देताना त्यांनी डब्यातल्या नोटा दोनदा मोजल्या, हे मी अजून विसरलेले नाही.

आता माझी मुलगी दहावीत आहे. क्लबाच्या एका बैठकीत यूथ एक्स्चेंजची, म्हणजे मुलांना परदेशी कुटुंबात राहायला पाठवण्याच्या रोटरीच्या कार्यक्रमाची, माहिती देण्यात आली आणि तेव्हापासून तिने जाण्याचा ध्यास घेतला आहे. तिला अडवण्याची माझी इच्छा नाही, पण काही गोष्टी मनाला टोचतात. ज्या क्लबासाठी मी लोकांपुढे हात पसरला, त्याच क्लबातर्फे माझी मुलगी परदेशी गेली, तर ‘आमच्या पैशावर पोरीला फिरवून आणली’ असे कोणी म्हटल्यास मी काय उत्तर देऊ? हा खर्च नेमका कोणाच्या खिशातून होतो? दुसरी अडचण घराची आहे. आपले मूल पाठवायचे तर परदेशी मूल घरी ठेवून घ्यावे लागते असे समजले. आमचे घर एका बेडरूमचे आहे, सासूबाई आमच्याबरोबर असतात आणि न्हाणीघर एकच आहे. शिवाय आम्ही शाकाहारी आहोत, आणि अकरावीचे वर्ष वाया जाण्याची भीती आहेच. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

माजी सचिव, विलेपार्ले

ताई, पैशांविषयीचा तुमचा प्रश्न प्रत्येक क्लबात मोठ्याने विचारला गेला पाहिजे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. क्लबात पैशांचे दोन प्रवाह असतात आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नसतात. सदस्यांच्या वर्गणीतून सभागृहाचे भाडे, जेवण, पत्रव्यवहार असा क्लबाचा संसार चालतो. लोकांकडून सेवाकार्यासाठी घेतलेले पैसे वेगळ्या खात्यात, आमच्याकडे तर वेगळ्या नोंदणीकृत ट्रस्टमध्ये, जमा होतात, आणि त्या ट्रस्टचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावे लागतात. डायलिसिससाठी म्हणून मागितलेला रुपया डायलिसिसवरच खर्च झाला पाहिजे. त्यातून कोणाच्याही मुलाचे तिकीट निघत नाही, आणि कुठे निघत असेल तर ती गंभीर गैरवर्तणूक आहे.

विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा आणि वरखर्च मुलाचे आईवडील स्वतः करतात. परदेशातले यजमान कुटुंब राहण्याजेवणाची सोय विनामोबदला करते. वर्षभराच्या कार्यक्रमात शाळेची फी माफ असते किंवा तिची तजवीज यजमानांकडून होते, आणि तिथला क्लब मुलाला दरमहा थोडा हातखर्च देतो. म्हणजे तुमच्या मुलीसाठी जे काही फुकट होईल ते कोणा दात्याच्या पैशातून झालेले नसेल, तिथल्या एका कुटुंबाने आपल्या ताटातले वाढून दिलेले असेल. त्याची परतफेड तुम्ही इकडे आलेल्या मुलाला वाढून करायची असते. शेजारच्या बाईंना हे इतक्याच सरळपणे सांगा. त्यांच्या पाचशे रुपयांची पावती आणि त्या वर्षीचा जमाखर्चही नेऊन दाखवा, कारण दात्याला हिशेब मागावा लागू नये, तो आपण होऊन द्यावा. जाता जाता एक गोष्ट सांगतो. रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी 1917 मध्ये ज्या निधीची कल्पना मांडली आणि ज्याचे पुढे रोटरी फाउंडेशन, म्हणजे सेवाकार्यासाठी पैसा पुरवणारी संस्था, झाले, त्यात पहिली भर पडली ती अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या क्लबाने पाठवलेल्या साडेसव्वीस डॉलरची. पुढे 1985 पासून रोटरीचे पोलिओ निर्मूलनाचे एवढे मोठे काम उभे राहिले आणि 2014 मध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला, त्याच्या मुळाशी अशाच लहान रकमा आहेत. त्यामुळे त्या पाचशे रुपयांचे तुम्हाला वाटणारे ओझे योग्यच आहे.

आता कार्यक्रमाविषयी. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक पूर्ण शैक्षणिक वर्षाचा, ज्यात मूल तिथल्या शाळेत जाते आणि बहुधा एकापेक्षा अधिक कुटुंबांत राहते. दुसरा काही आठवड्यांचा, फार तर तीन महिन्यांचा, ज्यात बहुतेक वेळा दोन कुटुंबे आपापली मुले अदलाबदल करून ठेवून घेतात. अकरावीची चिंता असेल तर दुसरा प्रकार पाहा, मात्र त्यात एक मेख आहे. आपली मुले दहावीची परीक्षा संपवून एप्रिल-मे महिन्यांत मोकळी असतात, तेव्हा युरोपातल्या शाळा चालू असतात, आणि तिथे जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी पडते तेव्हा इथे अकरावीचे प्रवेश आणि वर्ग यांची गडबड असते. म्हणून तारखा जुळवणे हेच अर्धे काम असते आणि ते सात-आठ महिने आधी सुरू करावे लागते. एप्रिलमध्ये जाग येऊन चालत नाही.

गिरगावातले घर

घराचा प्रश्न विचारलात म्हणून लिहिते आहे. आमचेही घर एका बेडरूमचे आणि जर्मनीहून आलेली सोळा वर्षांची मुलगी आमच्याकडे अडीच महिने राहिली. घर पाहायला क्लबाच्या दोन व्यक्ती आल्या तेव्हा मी लाजून आधीच क्षमा मागू लागले होते. त्यांनी विचारले ते एवढेच, की तिला झोपायला स्वतःचा बिछाना मिळेल का, ती कोणाबरोबर एका खोलीत राहील, आणि आमच्या घरी येणारीजाणारी मंडळी कोण. घरातल्या मोठ्या माणसांची पार्श्वभूमी तपासली जाते आणि संदर्भासाठी परिचितांशी बोलले जाते. याचा राग मानू नका, तुमची मुलगी जिथे जाईल तिथेही हीच तपासणी झालेली असेल. ती माझ्या मुलीच्या खोलीत, तिच्या शेजारच्या पलंगावर झोपत असे. आम्ही दोघे बाहेरच्या खोलीत आलो.

खरी तारांबळ पाण्यामुळे झाली. आमच्याकडे पाणी पहाटे येते आणि दिवसभर पिंपावर चालते. पहिल्या आठवड्यात तिने शॉवर इतका वेळ चालू ठेवला की इमारतीची टाकी रिकामी झाली आणि खालच्या मजल्यावरच्या मंडळींना पाणी राहिले नाही. मी तिला रागावले नाही, पण पहाटे उठवून पाणी भरताना शेजारी उभे केले. दुसऱ्या दिवसापासून ती बादली आणि तांब्या घेऊन आंघोळ करू लागली, आणि परत गेल्यावर तिच्या आईचे पत्र आले की आता घरी कोणी नळ वाहता ठेवला तर ही पोर ओरडते.

गणपतीत ती आमच्याकडे होती. तिला उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडता येईनात तेव्हा माझ्या सासूबाईंनी तिचा हात हातात घेऊन शिकवले, आणि त्या दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता. तुमच्या सासूबाई घरात आहेत याला तुम्ही अडचण म्हणता आहात, पण माझ्या अनुभवात माझ्या सासूबाईंइतका आधार त्या मुलीला आमच्यापैकी कोणाचाच झाला नाही. आम्ही सगळे सकाळी आठला बाहेर पडत होतो, घरी थांबणाऱ्या तेवढ्या त्या एकट्याच होत्या.

एक चूक माझ्याकडून झाली ती सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. ऑगस्टअखेर तिला ताप भरला. रात्री दहा वाजता रुग्णालयात नेले तर अल्पवयीन मुलीच्या उपचारांसाठी पालकांची संमती मागितली. तिच्या आईवडिलांनी सही केलेले संमतिपत्र आणि विम्याची कागदपत्रे कार्यक्रमाच्या नियमानुसार आमच्याकडे होती, पण ती घरी कपाटात होती. माझ्या पतींना घरी जाऊन कागद आणेपर्यंत जो पाऊण तास गेला तो मी कधी विसरणार नाही. ताप साधाच निघाला. त्या कागदांच्या प्रती पर्समध्ये, फोनमध्ये आणि शेजाऱ्यांकडे अशा तीन ठिकाणी ठेवा.

ब्राझीलहून परतलेला विद्यार्थी

काकू, मी दहावीनंतर पूर्ण वर्षासाठी गेलो होतो, त्यामुळे ‘वर्ष वाया’ याबद्दल मोकळेपणाने लिहितो. वर्ष जाते. मी परत आलो तेव्हा माझे मित्र बारावीत होते आणि मी अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत. महाविद्यालयाने मधल्या वर्षाचे प्रतिज्ञापत्र मागितले, ते दिल्यावर पुढे अडचण आली नाही. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेची तयारी ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हा हिशेब आधीच मांडावा. मला त्या वर्षाचा पश्चात्ताप नाही, कारण पोर्तुगीज शिकलो आणि आईवडिलांच्या गैरहजेरीत स्वतःचे निर्णय घ्यायला शिकलो. पण कोणी ‘काही नुकसान होत नाही’ असे सांगत असेल तर ते खरे नाही.

शाकाहाराबद्दल. अर्जात आहाराची माहिती द्यावी लागते, ती अगदी स्पष्ट लिहा. ब्राझीलमध्ये रोजचे जेवण म्हणजे भात आणि घेवड्याची उसळ, त्यामुळे मला वाटले की आपला प्रश्न सुटला. दुसऱ्याच दिवशी कळले की त्या उसळीत बहुतेक घरी डुकराच्या मांसाचे तुकडे घालून शिजवतात. माझ्या तिथल्या आईने पुढे माझ्यासाठी वेगळे पातेले लावायला सुरुवात केली. ती दिवसभर नोकरी करून हे करत होती, म्हणून मीही महिन्याभरात कुकर लावायला आणि पोळ्या लाटायला शिकलो आणि रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे घेतला. तुमच्या मुलीला जाण्यापूर्वी वरण-भात, एक भाजी आणि पोळी एवढे स्वतःच्या हाताने करता येऊ द्या.

नियम कडक असतात: गाडी चालवायची नाही, मद्य आणि अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरण नाही, आणि ते मोडल्यास परत पाठवतात. आणखी एक विनंती, तिला रोज फोन करू नका. तिथे आणि इथे साडेआठ तासांचे अंतर होते, आई जागी राहून वाट पाहायची, आणि पहिले सहा आठवडे मी शरीराने तिकडे आणि मनाने दादरला होतो. आठवड्यातून एकदा बोलायचे ठरले तेव्हाच मी तिथल्या घरात खऱ्या अर्थाने राहायला लागलो.

चेंबूरचा शिक्षक

मी एका अनुदानित शाळेत इंटरॅक्ट क्लबाचे, म्हणजे रोटरीच्या शाळकरी मुलांसाठीच्या क्लबाचे, काम पाहतो. बारा ते अठरा वर्षांची मुले वाचनपेटी चालवतात, रक्तदान शिबिरात धावपळ करतात आणि मनापासून काम करतात. त्यांच्यापैकी एकाही मुलाने आजवर यूथ एक्स्चेंजचा अर्ज भरलेला नाही. तिकिटाचे पैसे हे एक कारण, आणि माहितीच पोहोचत नाही हे दुसरे. वरच्या उत्तरांत सगळे बरोबर आहे, तरी पालकांनीच तिकीट काढायचे म्हटल्यावर कोणती मुले जाणार हे आपोआप ठरते, हेही मान्य केले पाहिजे.

माजी सचिव, विलेपार्ले

सर, मान्य आहे. कार्यक्रम सदस्यांच्या मुलांपुरता मर्यादित नाही, कोणाचेही मूल अर्ज करू शकते, पण माहितीपत्रक क्लबाच्या बैठकीतच वाटले तर हा नियम कागदावरच राहतो. तिकिटासाठी मदत द्यायची असेल तर सदस्यांनी त्याच कारणासाठी म्हणून वेगळी वर्गणी काढावी, आणि ती देणाऱ्यांना आधी स्पष्ट सांगावे. डायलिसिसच्या पैशाला हात न लावताही हे करता येते. आमच्या क्लबात मी हा विषय मांडतो.

मुलुंडची आई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना हे सगळे वाचून दाखवले. त्यांनी मोदकांचा भाग पुन्हा वाचायला लावला आणि ‘मुलगी आली तर माझी खाट खिडकीकडे सरकवा, तिला आत जागा होईल’ असे त्या स्वतःहून म्हणाल्या. आम्ही अल्पकालीन कार्यक्रमासाठीच अर्ज करायचे ठरवले आहे, आणि समोरचे मूल आधी आमच्याकडे येणार असेल तर आमची तयारी आहे असे त्यात लिहिणार आहोत. चेंबूरच्या सरांचे म्हणणे मला लागले. आमच्या क्लबाने ही माहिती जवळच्या दोन शाळांत नेलेलीच नव्हती, तेव्हा पत्रके घेऊन मी सोमवारी तिथे जाते आहे. शेजारच्या बाईंकडे डायलिसिस निधीचा जमाखर्च घेऊन आज संध्याकाळी जाणार आहे. मुलीलाही बरोबर नेईन, म्हणजे ती कुठे जाणार आहे आणि कोणाच्या खर्चाने, हे तिने स्वतःच त्यांना सांगावे.