एकादशीचं भजन हॉस्पिटलमध्ये?

ए-२०४: मंडळी 🙏 येत्या एकादशीला आमचं भजनी मंडळ कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात गाणार आहे. दहा-बारा जणी, पेटी, टाळ. स्पीकर कुणाकडे मिळेल?

सी-५०१: काकू, स्पीकर नको. हॉस्पिटलभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, दिवसा ५० डेसिबलची मर्यादा. टाळही नकोत.

ए-२०४: मग गायचंच नाही का रे? ऑपरेशनच्या धास्तीने माणसं अर्धी होतात. त्यांना बरं वाटावं एवढंच.

बी-३०२: काकू, जरूर गा! मी नवजात बाळांच्या आयसीयूत नर्स आहे. अमेरिकेत ११ हॉस्पिटलांत अपुऱ्या दिवसांच्या २७२ बाळांवर अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. संगीतोपचारक बाळाच्या श्वासाकडे बघत त्याच लयीत गायचे. आई-बाबांनी निवडलेली अंगाई असली की बाळं दूध जास्त प्यायची. आई-बाबांचा ताणही उतरला.

सी-५०१: मग मोबाइलवर लावलं तर?

बी-३०२: त्यानेही फरक पडतो. ऑपरेशनच्या आधी, चालू असताना किंवा नंतर संगीत ऐकवण्याच्या ७३ चाचण्या २०१५ मध्ये एकत्र तपासल्या, वेदना आणि चिंता दोन्ही कमी झालेल्या दिसल्या. पण मोबाइलला पेशंट दिसत नाही. समोर गाणारा चेहरा बघून आवाज उतरवतो, झोप लागतेय दिसलं की थांबतो. मागे एका आजींनी बेडची दांडी घट्ट धरून ठेवली होती. सुनेने कानाशी जात्यावरची ओवी म्हटली, दुसऱ्या ओवीला मूठ सैल झाली.

डी-१०१: आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच लिहून ठेवलंय: माणसाचा गळा, फुंकून वाजवायची वाद्यं, तंतुवाद्यं, म्हणजे ज्यांचा सूर सलग राहतो ती रुग्णाला मानवतात. पियानो नाही. मी बासरी घेऊन येऊ?

सी-२०३: एक सांगू? सगळ्यांना भजन नको असेल. आधी विचारा. कुणाला भावगीत हवं असेल, कुणाला काहीच नको.

बी-३०२: अगदी बरोबर ताई. सुईला, सलाइनला पेशंट सहसा नाही म्हणत नाही. गाण्याला म्हणू शकला पाहिजे, आणि आपण लगेच पुढच्या बेडकडे निघालं पाहिजे. सर्दी-खोकला असणाऱ्यांनी येऊच नका.

ए-२०४: पटलं. मी आणि शेजारच्या वहिनी, दोघीच गाऊ, सोबत काकांची बासरी. पेटी, टाळ घरी. बी-३०२, मेट्रनबाईंना विचारून वेळ कळव गं. बाकीच्या जणी देवळात भजन करतील.

बी-३०२: उद्या सकाळच्या ड्यूटीनंतर विचारते.