चौदा हजारांना भंगारात गेलेली पद्मिनी आज साडेतीन लाखांना. हे चांगलं की वाईट?

जुनी_चाके

आमच्याकडे १९८२ ची प्रीमियर पद्मिनी होती, बिस्किटी रंगाची. बाबांनी ती २००६ साली भंगारवाल्याला चौदा हजारांना दिली. त्याला ती ओढून न्यावी लागली नाही. चोक ओढला, दुसऱ्या झटक्यात गाडी सुरू झाली आणि तो चालवत घेऊन गेला. चालती गाडी आम्ही पत्र्याच्या भावाने विकली.

गेल्या रविवारी पुण्यात त्याच सालातली एक पद्मिनी बघून आलो. मालकाने साडेतीन लाख सांगितले. मी उभा असताना त्याला आणखी दोघांचे फोन आले. घरी सांगितलं तर मेहुणा म्हणाला, "एवढ्यात चांगली वापरलेली स्विफ्ट येते, हे खूळ कशाला?"

मला वाटतं, ही किंमत येते आहे ते फार चांगलं होतंय. व्हिंटेज म्हटलं की आपल्याकडे संस्थानिकांच्या रोल्स रॉइस आणि पॅकार्डच डोळ्यांपुढे येतात. त्या जपायला राजवाडे होते, नोकर होते. पद्मिनी, स्टँडर्ड हेराल्ड, काँटेसा, पहिली मारुती या गाड्या आपल्या आईबापांनी कर्ज काढून घेतल्या, आणि त्यांना कोणी वाली नव्हता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघाली, तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. आज कुर्ल्यात कारखाना नाही, 'प्रीमियर रोड' एवढं नाव उरलंय. गाडीला किंमत नसेल तर ती कापली जाते. किंमत आली तरच कोणीतरी ती झाकून ठेवतो.

दुसरं म्हणजे कायद्यात व्हिंटेज व्हायला ५० वर्षं लागतात. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा ३० वर्षांची गाडी ऐतिहासिक धरते. आपणही ३० करावं. तुमचं मत सांगा, विरोधातलं असेल तर आधी सांगा.

निगडीचा_इंजिनिअर

विरोधातलं आहे, म्हणून लगेच लिहितो. तीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकवर काम केलंय.

पद्मिनी आपण निवडली नव्हती. परवाना राज होतं, कोणी किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवायचं, म्हणून बाजारात ॲम्बॅसेडर, फियाट आणि हेराल्ड एवढंच होतं. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची, आणि ज्याचा नंबर लागला तो वर पैसे घेऊन विकायचा. फियाटच्या ज्या ११०० डी वरून पद्मिनी आली ती इटलीत १९६६ साली बंद झाली. आपण तीच गाडी शतक संपेपर्यंत विकत घेत राहिलो. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पावसात पाण्यातून गाडी गेली की पुढची दोन-तीन दाबणं ब्रेक लागायचाच नाही, पाय हलका ठेवून ड्रम सुकवावे लागायचे. ज्याने हे अनुभवलंय त्याला त्यात रम्य काही दिसणार नाही.

जुनं म्हणजे अभिजात नव्हे. अभिजात म्हणजे ज्या गाडीने काहीतरी पुढे नेलं ती. आपल्या आठवणी खऱ्या आहेत, पण त्या आठवणींचं मोल आपण पत्र्याला लावतोय.

उद्यमनगर

मी कोल्हापूरला उद्यमनगरात गॅरेज चालवतो, वडिलांपासून फियाटचं काम आहे (पद्मिनीला आम्ही फियाटच म्हणतो). साहेबांचं ब्रेकबद्दल खरं आहे. पण या गाडीने काय पुढे नेलं ते सांगतो. या गाडीवर अख्खी मिस्त्रींची पिढी शिकली. बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागतं: कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, पंप. उन्हाळ्यात घाटात गाडी बंद पडायची ती इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपात वाफ धरल्यामुळे. मग लोक फडकं भिजवून पंपावर ठेवायचे, दहा मिनिटं थांबायचे, चहा प्यायचे आणि पुढे निघायचे. टोइंग वगैरे कोणाला माहीत नव्हतं. एक पार्ट मिळाला नाही तर आमच्याकडे लेथवर करून द्यायचे, अजून देतात.

पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत महिन्याला एखादी फियाट यायची, ती पण मालक वैतागलेला. आता दोन कायम उभ्या असतात. भाव आला म्हणून दरवाजाचं रबर, काचेची बिडिंग असला माल परत बनायला लागलाय. हे चांगलंच.

पण माझं दुखणं वेगळं आहे. येणारे निम्मे म्हणतात, दुसरं इंजिन टाका, अलॉय टाका, गिअर खाली घ्या. अहो, स्टेअरिंगवरचा गिअर काढला आणि पुढची सलग सीट काढली तर फियाट राहिली कुठे? नुसता पत्र्याचा आकार राहिला. भाव चढला की असं होतं, गाडी ओळखणारा मागे राहतो आणि पैसेवाला पुढे येतो.

जुनी_चाके दादा, पुण्याची गाडी घेण्याआधी एक करा. खिशात लोहचुंबक ठेवा, कापडात गुंडाळून. दरवाजाखालचा उंबरा, चाकावरची कमान, डिकीचे कोपरे, सगळीकडे लावा. जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा गेलाय आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. मग पायाखालची मॅट उचला. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा. खालचा पत्रा सडला असेल तर रंग कितीही चकचकीत असो, साडेतीन लाखांची नाही.

ताडदेवकर

माझे वडील २८ वर्षं काळी-पिवळी चालवत होते. मालकाची नाही, स्वतःची, बॅज स्वतःचा.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद झाली. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली आणि टॅक्सीची मर्यादा २० वर्षांची, म्हणून. त्या आठवड्यात सगळी मुंबई फोटो टाकत होती. त्याच महिन्यांत जुनी डिझेल डबल डेकर बसही गेली, तिचेही फोटो. वडिलांनी फोन बाजूला ठेवला आणि म्हणाले, यातल्या कोणी मे महिन्यात बारा तास त्या सीटवर बसून बघितलंय का? इंजिनाची सगळी गरमी पायावर. स्टेअरिंगवरच्या गिअरने त्यांचा डावा खांदा कायमचा गेला, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. डिकीत सीएनजीची टाकी, मग सामान कॅरिअरवर, रोज चढवा आणि उतरवा.

आमची गाडी नियमाप्रमाणे तोडायलाच द्यावी लागली, तिला कोणी लाख दिले नाहीत. आज संग्रहात जी "काळी-पिवळी" दिसते ती बहुतेक ठिकाणी खाजगी पद्मिनी असते, वरून रंगवलेली. ज्या गाड्यांनी शहर वाहिलं त्या कापल्या, आणि ज्या गॅरेजमध्ये उभ्या होत्या त्या आता टॅक्सी म्हणून दाखवतात. मला या किमतीचा आनंद होत नाही.

जुनी_चाके

ताडदेवकर, तुमचं वाचून दोन तास काही लिहिलं नाही. काकांच्या खांद्याबद्दल मी बोलूच शकत नाही.

पण तुमच्याच मुद्द्यावरून सांगतो. टॅक्सी बंद होताना टॅक्सीवाल्यांच्या युनियननेच मागणी केली होती की निदान एक पद्मिनी तरी जपा. म्हणजे जपावं असं चालवणाऱ्यांनाही वाटत होतं. टॅक्सीला नोंदणी संपली की रस्ताही नाही आणि संग्रहाचा दर्जाही नाही, मधली वाट कायद्यात नव्हती. ३० वर्षांची मागणी त्यासाठीच आहे. इंजिनिअर साहेब, गाडी वाईट होती असं धरलं तरी ती इतिहासाचा पुरावा आहे. परवाना राज म्हणजे काय हे माझ्या मुलीला पुस्तकातून कळणार नाही, या गाडीत बसून दोन किलोमीटरमध्ये कळेल.

हेराल्डवाली

मी जुन्या गाडीची मालकीण आहे आणि तरीही ३० वर्षांच्या मागणीच्या विरोधात आहे.

सासऱ्यांची १९६९ ची स्टँडर्ड हेराल्ड आमच्याकडे आहे, चार दारांची मार्क थ्री. बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट अख्खं पुढे उघडतं, पुढच्या चाकावर बसून काम करता येतं. कागदपत्रांच्या फेऱ्या मी स्वतः मारल्यात म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कारण वर "व्हिंटेज व्हायला" असं सहज म्हटलंय.

जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको. (उद्यमनगर दादांकडे दुसरं इंजिन टाकायला येणाऱ्यांना हे सांगा.) नव्या नोंदणीला २० हजार, ती दहा वर्षं चालते, पुढच्या वेळी ५ हजार. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. आधीची नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो, आम्हाला तोच ठेवायचा आहे. पण त्यानंतर गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे रविवारी सहज भाजी आणायला जाता येणार नाही. म्हणून आम्ही अजून तो अर्ज केलेला नाही, साध्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करतो.

आता ३० केलं तर काय होईल? १९९५ ची प्रत्येक डिझेल जीप "वारसा" होईल. ज्याला गाडी तपासणीतून सोडवायची आहे तो प्रत्येक जण संग्राहक होईल. मग सरकार सगळ्यांवरच घाव घालेल आणि त्यात आमची हेराल्डही जाईल. ५० ची अट कडक आहे, पण त्यातून पळवाट काढता येत नाही.

काँटेसा८९

ताई, पटत नाही. तुमची हेराल्ड त्या अटीतून पार झाली, आमच्या गाड्या झाल्या नाहीत. काँटेसा १९८४ ला आली, २००२ ला संपली. पहिली पन्नाशी २०३४ ला. १९८५ ची प्रीमियर ११८ एनई, तिचंही तेच. दिल्लीत तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला बंदीच घातली होती, तिथल्या किती काँटेसा कापल्या गेल्या असतील. माझ्या गाडीत इसुझूचं १८१७ सीसी इंजिन आहे, जे या गाडीत आधीपासूनच असायला हवं होतं. पहिल्या काँटेसांत ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन होतं, एवढं धूड त्याला ओढवायचं नाही. पळवाटीची भीती असेल तर मूळ रूपाची अट कडक ठेवा, वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला. गाड्याच उरल्या नाहीत तर २०३४ ला नोंदणी कशाची करणार?

निगडीचा_इंजिनिअर

किलोमीटरची मर्यादा ही सूचना मला मान्य आहे. धुराच्या बाजूने बघितलं तर १९९५ पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नाहीच, तोही आधी फक्त चार महानगरांत आला. अशी गाडी रोज दादरच्या सिग्नलला उभी राहणं चुकीचं आहे. वर्षाला पाचशे किलोमीटर फिरली तर माझी तक्रार नाही.

आणि "गाडीने पुढे काय नेलं" ही माझी कसोटी मी सोडत नाही. तिच्यावर पहिली मारुती उतरते. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांना पहिली किल्ली दिली, किंमत साडेसत्तेचाळीस हजार. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. त्या गाडीनंतर पुरवठादारांना सुटे भाग मापात करून द्यावे लागले, आम्ही ब्रेकवाले तिच्यावर नव्याने शिकलो. ती पहिली चौकट्या तोंडाची एसएस ८० आज शोधून मिळत नाही. लोकांनी ती वापरून टाकून दिली, कारण ती सगळीकडे होती. जपायचं असेल तर तिच्यापासून सुरुवात करा.

उद्यमनगर

साहेब, पण ती मारुती बंद पडली की फडक्याने सुरू व्हायची नाही. (व्हायचीही गरज पडायची नाही, हे कबूल.) माझ्या दृष्टीने दोन्ही ठेवा. एक मिस्त्रीला शिकवणारी, एक कारखान्याला शिकवणारी.

ताडदेवकर

वडिलांना हा सगळा धागा वाचून दाखवला. चुंबकाच्या गोष्टीवर ते हसले, म्हणाले हा माणूस खरा मिस्त्री आहे.

मग त्यांनी माळ्यावरून आमचा मीटर काढायला लावला. गाडी गेली तेव्हा त्यांनी तो सोडून ठेवला होता, हाताने पाडायचा लोखंडी, डाव्या बाजूला बाहेर बसायचा तो. झेंडी अजून पडते, टकटक आवाज येतो.

जुनी_चाके, माझं मत बदललेलं नाही. किमतीचा फायदा ज्यांनी गाडी राबवली त्यांना मिळाला नाही, हे राहणारच. पण कोणी काळी-पिवळी उभी करणार असेल तर निदान खरी करा, असं वडील म्हणतात. त्यांनी सांगितलं तसं लिहितो. पिवळा रंग फक्त छताला, बाकी गाडी काळी, आणि काळा हाताने मारलेला असायचा, आरशासारखा कधीच नसायचा. कॅरिअरला दोरी कायम बांधलेली, कारण दादर स्टेशनला दोरी शोधायला वेळ नसतो. मागच्या सीटवर रेक्झिनचं कव्हर, पावसाळ्यात त्यावर प्लास्टिक. त्रिकोणी काच बाहेर वळवलेली, वारा सरळ छातीवर यावा म्हणून. डॅशबोर्डवर गणपती, त्याला रोज सकाळी एक फूल. ड्रायव्हरच्या सीटला पाठीमागे लाकडी मण्यांचं कव्हर, आणि खांद्यासाठी घडी घातलेला टॉवेल.

पुण्याची गाडी घेतलीत तर कळवा. वडील म्हणतात, एकदा बघायला येतो, पण चालवणार नाही.