विस्तारित आवृत्ती हाती आली, आता जुन्या सीडी काढू का?

खर्जातला_ट्यूबा

नमस्कार मंडळी. 'जॉज' चित्रपटाचं पार्श्वसंगीत आता माझ्याकडे तीन रूपांत आहे. मूळ अल्बम, २००० साली आलेली सीडी आणि इंट्राडा या सीडी कंपनीने २०१५ मध्ये काढलेला दोन सीडींचा संच. संचात सगळं आलंय, तरी जुन्या दोन काढून टाकायला हात धजत नाही. कपाट भरलं, दारामागची फळीही भरली. घरी विचारतात, 'एकच संगीत तीनदा कशाला?' प्रश्न रास्त आहे आणि मला त्याचं नीट उत्तर द्यायचं आहे.

माझा रोजचा रिवाज असा: घरचे उठायच्या आत हेडफोनवर एक अल्बम, पहिल्या ट्रॅकपासून शेवटपर्यंत, काहीही न वगळता. रात्री नव्या सीडीची पुस्तिका. सुट्टीच्या दिवशी सीडी संगणकावर उतरवून टॅग, म्हणजे फाइलसोबतची माहिती, भरणं. टॅगमध्ये संगीतकारासोबत ऑर्केस्ट्रेटरचंही, म्हणजे ते संगीत वाद्यवृंदातल्या वाद्यांना वाटून देणाऱ्याचंही, नाव घालते. हर्बर्ट स्पेन्सरने 'जॉज'चे संगीतकार जॉन विल्यम्स यांच्यासाठी केलेली कामं एका दिवशी, आर्थर मॉर्टनने संगीतकार जेरी गोल्डस्मिथसाठी केलेली दुसऱ्या दिवशी, असं ऐकत गेलं की पितळी वाद्यांची मांडणी कानाला ओळखू यायला लागते. हा माझा सगळ्यात आवडता उद्योग.

तर, काय ठेवायचं आणि काय द्यायचं हे तुम्ही कशावरून ठरवता?

रीळ_सातवं

मी प्रत्येक सीडीसाठी एकच गोष्ट तपासतो: हा छोटा अल्बम संगीतकाराने स्वतः रचलाय, की पैशापायी कापला गेलाय?

'जॉज'पुरतं बोलायचं तर १९७५ चा अल्बम चित्रपटातलं ध्वनिमुद्रण नव्हेच. विल्यम्सनी तो अल्बमसाठी पुन्हा वाजवून घेतला. चित्रपटात वाजलेलं मूळ संगीत सीडीवर आलं ते २००० मध्ये. म्हणजे तुमच्याकडे तीन प्रती नाहीत, दोन वेगळी वादनं आहेत, आणि संचात ती दोन्ही आहेत. त्यामुळे २००० ची सीडी खुशाल देऊन टाका. घरी हेच उत्तर द्या, ते खरं आहे.

दुसरा प्रकार कापलेल्या अल्बमांचा. अमेरिकेत ध्वनिमुद्रित झालेलं संगीत अल्बमवर आणायचं तर वादकांना पुन्हा वेगळं मानधन द्यावं लागे. मिनिटं वाढली की खर्च वाढे, म्हणून कितीतरी अल्बम अर्ध्या तासाच्या आसपास उरकलेले दिसतात. अशांची पूर्ण आवृत्ती आली की जुनी सीडी मी ठेवत नाही.

पण १९७७ चा 'स्टार वॉर्स'चा दुहेरी एलपी घ्या. विल्यम्सनी त्यात चित्रपटाचा क्रम मोडून ऐकणाऱ्याचा विचार केलाय: गडगडाटानंतर शांत तुकडा, मग पुन्हा चढण. १९७९ च्या 'एलियन'चं तर विचारूच नका. चित्रपटात गोल्डस्मिथच्या संगीताची उलथापालथ झाली, त्याच्याच १९६२ च्या 'फ्रॉइड'मधले तुकडे आले आणि शेवटच्या श्रेयनामावलीवर हॉवर्ड हॅन्सनची सिंफनी लागली. त्याच्या मनात काय होतं ते अल्बमवर ऐकायला मिळतं. अशा अल्बमला कुणी 'अपुरा' म्हटलं की मला वाईट वाटतं. तो पुरा आहे, फक्त चित्रपटाच्या मापाने बेतलेला नाही.

दुसरा_व्हायोला

रीळ_सातवं यांच्याशी अर्धाच सहमत. मी सगळं चित्रपटाच्या क्रमाने लावते, आणि क्यूंचे, म्हणजे चित्रपटासाठी रचलेल्या संगीताच्या एकेका तुकड्याचे, क्रमांक छापलेले असतील तर ट्रॅकच्या नावापुढे तेही लिहिते. १एम१ म्हणजे पहिल्या रिळातला पहिला क्यू, ५एम२ म्हणजे पाचव्यातला दुसरा. असं ऐकलं की धून कशी पेरत आणली ते कळतं. 'ई.टी.'मधली उड्डाणाची धून आधी तुकड्या-तुकड्यांतून डोकावते, सायकल हवेत जाते तेव्हा कुठे ती पूर्ण मिळते. अल्बमवर ती आयती हातात येते, वाट पाहणं राहून जातं.

शेवटच्या प्रसंगाचं मात्र वेगळं. दृश्याशी वेळ जुळवताना वादन अडखळायला लागलं, तेव्हा स्पीलबर्गने पडदा बंद करून विल्यम्सना मोकळेपणी वाजवायला सांगितलं आणि नंतर संगीताप्रमाणे दृश्य पुन्हा कापलं. तिथे चित्रपटच संगीताच्या मागून चाललाय. तो ट्रॅक मी एकटाच लावून ऐकते, क्रमाबिमाचा विचार न करता.

चकतीची_काळजी

देण्याआधी दोन गोष्टी. एक, फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) उतरवून लॉग, म्हणजे उतरवतानाची नोंद, जपून ठेवा. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींवर प्री-एम्फसिस असतो, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम वाढवलेला असतो. तो उतरवताना काढला नाही, तर तंतुवाद्यं टोचतात आणि लोक उगाच मास्टरिंगला, म्हणजे सीडीसाठी केलेल्या अंतिम ध्वनिसंस्काराला, बोल लावतात.

दोन, १९८८ ते १९९३ च्या सुमारास दाबलेल्या काही चकत्या कडेपासून तपकिरी होत जातात. आतल्या धातूच्या थरावरचं लॅकर (संरक्षक लेप) कमी पडतं आणि वेष्टनातल्या गंधकाने थर काळवंडतो. माझ्या एका आवडत्या चकतीचे शेवटचे ट्रॅक असेच गेले. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे आधी शेवटचेच ट्रॅक जातात, आणि बहुतेकदा शेवटची श्रेयनामावली तिथेच असते. वर्षातून एकदा सगळ्या चकत्या उजेडात धरून कडा बघा.

खर्जातला_ट्यूबा

सगळ्यांचे आभार. 'संगीतकाराने रचला की पैशाने कापला' हा निकष फळीवर लावून पाहिला आणि निवड भराभर झाली. १९७५ चा 'जॉज' ठेवतेय. तेच वादन संचात असलं, तरी मी हे संगीत पहिल्यांदा ऐकलं ते याच चकतीवर, आणि तेवढं कारण मला पुरतं. 'सायको'चं, त्याचे संगीतकार बर्नार्ड हरमननी १९७५ मध्ये नॅशनल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून करून घेतलेलं नवं ध्वनिमुद्रणही राहील. १९६० च्या चित्रपटातल्या वादनाच्या मानाने त्याची लय संथ आहे, पण ते त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलंय.

दुसरा_व्हायोला, क्यू क्रमांकांची कल्पना उचलते. आजपासून टॅगमध्ये त्याचा वेगळा रकाना.

२००० ची 'जॉज'ची सीडी द्यायची आहे. पुस्तिका स्वच्छ, चकतीच्या कडा उजेडात तपासल्या आहेत. ज्यांच्याकडे चित्रपटातलं वादन अजून नाही, त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आधी त्यांनाच देईन.